नाही म्हणणाऱ्या काकू

आमच्या काकूंसारखी हट्टी बाई शोधून सापडायची नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतेय. त्या शिवणकाम करतात. नदीकाठच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, दाराशी मशीन, तोंडात टाचण्या. मी तिथल्या आरोग्य केंद्रातली नर्स. पुराची सूचना आली की त्या गल्लीतली माणसं वरच्या शाळेच्या हॉलमध्ये हलवायची आणि तिथं त्यांची औषधं, पाणी, संडास बघायचे, ही माझी जबाबदारी. त्यासाठी दरवर्षी पावसाळ्याआधी आम्ही स्वयंसेवकांचा सराव घेतो. त्या सरावात काकूंचं काम एकच: घर सोडायला नाही म्हणायचं.

हे काम त्यांना मीच दिलं. खरी अडचण पाण्याची नसते हो, "आम्ही नाही येणार" म्हणून उंबऱ्यात ठाण मांडणाऱ्या माणसाची असते. त्याला दटावून भागत नाही, समजावावं लागतं, आणि समजावणं शिकावं लागतं. काकूंनी स्वयंसेवकांच्या तोंडाला अक्षरशः फेस आणला. कधी गॅसवर दूध असायचं, कधी मांजर व्यायलेलं असायचं, कधी गिऱ्हाइकाचे कपडे आजच द्यायचे असायचे. वर शेवटी त्या मार्क द्यायच्या. "मला आजी म्हणालास? नापास!" आमचा वायरमन दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या वर्षी पहिला आला, तेव्हा त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

काकूंचे यजमान शाळेतले निवृत्त पीटीचे सर. निम्मे स्वयंसेवक त्यांच्या हाताखालून गेलेले, वायरमनसुद्धा. त्यांची शिट्टी वाजली की पोरं जागच्या जागी थिजायची. पूर्वी सराव काकूंच्याच दारात व्हायचा आणि सर खुर्ची टाकून गंमत बघायचे. पण दोन वर्षांपूर्वी काकू म्हणायला लागल्या, सराव शाळेतच घे, घरात पसारा आहे, यांचे गुडघे धरलेत. मी म्हटलं, बरं.

मग एका सकाळी खरोखरच निरोप आला. वरच्या धरणाचे दरवाजे दुपारी उघडणार होते. गल्ली भराभर रिकामी होऊ लागली. टेम्पोत सामान चढवून घेत मी उभी होते, तेवढ्यात वायरमन आला.

"सिस्टर, काकू नाही म्हणतायत."

"अरे मग तुझा हातखंडाच आहे तो!"

"सगळं करून झालं. दूध म्हणाल्या, गॅस बंद केला. मांजर म्हणाल्या, टोपलीत घातलं. कपडे म्हणाल्या, गाठोडं टेम्पोत ठेवलं. मग कारणंच संपली, तर आतून कडी घातली." तो कसनुसं हसला. "मार्कही दिले नाहीत."

ते ऐकून हातातलं सामान मी तिथंच ठेवलं. मी धावतच गेले. गटाराचं पाणी तोवर रस्त्यावर आलं होतं.

"काकू, हा सराव नाहीये! दार उघडा, नाटकं पुरे झाली!" मी दारावर थापा मारत ओरडले. काकूंचा आवाज नाही. आतून आला तो सरांचा, एखाद्या लहान मुलासारखा. "आई, कोण आलंय गं?"

सरांची आई जाऊन जमाना झाला होता. मी आवाज खाली आणला. "काकू, मला एकटीला आत घ्या." कडी निघाली.

आतल्या खोलीत आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर कपडे वाळत होते. बाळाला बांधतो तसे, पण मोठ्या माणसाच्या मापाचे. दुहेरी शिवण, कडेला नाड्या, एकेक टाका बारीक. सर खाटेवर भिंतीला टेकून माझ्याकडे अनोळखी नजरेनं बघत होते.

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "कधी मला ओळखतात, कधी नाही. बाकी कशाचंच भान नाही."

"अहो, मग मला सांगायचं नाही का? मी नर्स आहे ना!" मी चिडलेच.

"तुला सांगितलं असतं गं. गल्लीला कसं सांगू? यांच्या शिट्टीवर अख्खी शाळा सरळ उभी राहायची. त्या हॉलमध्ये, त्याच पोरांसमोर, यांचे कपडे मी कसे बदलू? त्यापेक्षा येऊ दे पाणी घरात."

मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. इतके सराव घेतले, पण हॉलमध्ये एक आडोसा करावा हे मला सुचलं नव्हतं.

"स्टेजमागे खोली आहे," मी म्हटलं. "नळ आहे, दाराला आतून कडी आहे. मी मूर्खासारखी तिथं धान्याची पोती रचलीत. ती आत्ता बाहेर काढायला सांगते." तिथंच उभं राहून मी फोन लावला.

"आणि तिथवर न्यायचं कसं? परक्या माणसानं हात लावला की ओरडतात, मारायला धावतात."

माझ्या मागोमाग आलेल्या वायरमननं दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं. तो आत आला आणि खाटेसमोर सावधानमध्ये उभा राहिला. "सर, तास सुरू झालाय. मुलं मैदानावर थांबलीत."

सरांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आधी शर्ट खोच," ते म्हणाले. आणि उठले. काकूंनी खुंटीवरची शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली, कमरेभोवती चादर गुंडाळली.

सर पुढे शिट्टी वाजवत आणि आम्ही मागे, असे आम्ही गल्लीतून निघालो. टेम्पोपाशी घोळका होता. शिट्टी ऐकून चांगले बाप्ये झालेले लोक हातातल्या सामानासकट सरळ उभे राहिले. चादर ओली झाली होती. कुणी बघितलं नाही, की बघून न बघितल्यासारखं केलं, देव जाणे. काकू मान ताठ ठेवून चालत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. संध्याकाळी त्यांच्या घरात खाट बुडेल एवढं पाणी चढलं.

पुढच्या वर्षी सराव हॉलमध्येच झाला. सर पहिल्या रांगेत शिट्टी घेऊन बसले होते. एक शिक्षिका नव्यानं स्वयंसेवक झाली होती. तिनं दूध, मांजर, कपडे सगळं बिनचूक निभावलं. लोक हसले. मग काकू उभ्या राहिल्या आणि नाटकातला आवाज सोडून म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला लघवी-संडासचं भान नाही. तिथं मी त्यांना कुठं बदलू?"

शिक्षिका माझ्याकडे बघायला लागली, मी मुद्दाम गप्प राहिले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आमचे किराणावाले उठले. चांगला दांडगा गडी, पण मान खाली.

"काकू, स्टेजमागच्या त्या खोलीत आमच्या आईला आणलं तर चालेल?"

"पण तुमची आई तर पुराच्या वेळी बहिणीकडे होती ना?" मी विचारलं. तसं त्यांनीच मला सांगितलं होतं.

"नाही सिस्टर. माळ्यावर होती. आम्ही खालून कुलूप लावून आलो होतो."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणा त्यांना. नळाजवळची जागा त्यांना देऊ."