वाणगावहून उमरोळीला गेलेली नऊ मुलं

गावोगावहून वीटभट्ट्यांवर आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी आमची संस्था वर्ग चालवते. मुलं खरंच शिकतात का, हे तपासायचं काम माझं. वाणगावजवळच्या भट्टीवर गेले, तर हजेरीपटावरची नऊ मुलं गायब. शिकवणाऱ्या बाईंनाही पत्ता नव्हता. सापडली नाहीत तर ‘शाळा सुटली’ असं लिहून वर्ग बंद करायची शिफारस मलाच करावी लागणार होती.

बाहेर एक टेंपोवाला विटा भरून व्हायची वाट बघत उभा होता. गळ्यात रुमाल, बोलताना टपावर बोटं वाजवायची सवय. मी त्याला विचारलं.

“ती बिऱ्हाडं मीच नेली उमरोळीच्या भट्टीवर,” तो म्हणाला. मुलांची नावं त्याला ठाऊक नव्हती, पण कोण कुठे बसलं होतं ते पक्कं आठवत होतं. “दोगं गोधड्यांवर. एक बारकी तं पातेल्यात बसून गेली. चला, मी तिकडंच जातोय.”

उमरोळीच्या भट्टीवरही असाच एक वर्ग होता. नऊच्या नऊ मुलं तिथे पाढे म्हणत बसली होती. माझा जीव भांड्यात पडला.

टेंपोवाला दारात उभा राहून ओठ हलवत त्यांना मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने रुमालाने तोंड पुसलं.

“किती पोरं नेऊन सोडली मी, ताई. पुढं त्यांचं काय होतं ते कदी बगितलंच नाय.”

विटा पुढे बांधकामावर नेऊन उतरवायच्या होत्या, तरी साताचा पाढा संपेपर्यंत तो दारातून हलला नाही.