आमच्या टीमले लागलेलं ऊन

आमच्या गावच्या कबड्डी टीमचा एक किस्सा सांगाले बसलं का दुसरा आपोआप तोंडात येते. काऊन का, आमी खेळतो कमी अन् भानगडी जास्त करतो! त्यात प्रॅक्टिस भर उन्हात. आमच्या तामसीकडचं ऊन म्हंजे, चप्पल काढली का मानूस नाचाले लागते!

*

बाब्या किराना दुकानवाल्याचा पोट्टा. टीममंधी सगळ्यात गोरा. सगळ्यात काळा मी. "तू अंधारात दिसतच नाही बे," असं तो मले रोज म्हने.

एक दिवस प्रॅक्टिस झाल्यावर गडी शर्ट काढून मैदानातच पालथा झोपला. म्या हात नळाखालच्या चिखलात बुडवला अन् त्याच्या पाठीवर हलकाच ठेवला. बस!

संध्याकाळी आंघोळ केली तं पाठ लालभडक, अन् मधात पाच बोटायचा गोरा पंजा! त्याचा बाप दुकानातूनच वरडला, "कोनं मारलं रे माह्या पोराले?"

म्या म्हनलं, "काका, मारलं सूर्यानं. पंज्याएवढं म्या वाचवलं!"

*

मंग बाब्याच्या पाठीची सालं निंघाले लागली. हाच बाब्या गोरं व्हायची क्रीम लावे. आता सावलीत बसून मले विचारते, "काळं व्हायची क्रीम भेटते का बे?"

"नाही भेटत. मायच्या पोटातूनच लावून या लागते!"

*

संद्या आमचा रेडर. त्याच्या हातावर अन् मानेवर कोडाचे पांढरे डाग हायेत. उन्हात खेळला का डाग तेवढे भाजतात, बाकी अंग जसंच्या तसं.

शाळेत कातडीच्या डॉक्टर मॅडम आल्या. शाळा म्या कवाच सोडली, पन बिस्किट वाटनार होते म्हनून गेलो.

मॅडम म्हनल्या, "कातडीच्या पेशीत काळ्या रंगाचे बारीक दाणे असतात. पेशीचा सगळा कारभार जिथून चालतो, त्या मधल्या भागावर ते छत्रीसारखे जमतात. छत्री नसली की ऊन आत घुसून तोडफोड करतं."

मी उभा राह्यलो, "म्हंजे मॅडम, मी छत्री घेऊनच जन्मलो!"

"हो, पण ती गळकी आहे. डोक्याला दुपट्टा बांधत जा!"

सगळे पोट्टे हासले. संद्या नाही हासला. त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, माह्या डागात?"

"तिथं छत्रीच नाही रे. बाहीचा शर्ट घाल. पण हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कोणीही तुला हात लावू दे, काही होत नाही."

संद्या म्हने, "हे मैदानात येऊन सांगान का मॅडम?"

*

मंग त्याच्या मायनं कॉलरवाला, लांब बाह्याचा शर्ट शिवला. पहिल्याच मॅचले अंपायरनं अडवलं, "ये क्या पहन के आया? शादी है क्या?"

म्या म्हनलं, "सर, ये छत्री है!"

अंपायरनं वर आभाळाकडे पाह्यलं अन् गुपचूप शिट्टी वाजवली!

*

आता असली गोष्ट. संद्या रेडले गेला का समोरची टीम मांगं मांगं सरके. हात धुऊन मांगं लागनं सोडा, हात लावाचंच नाव नाही! संद्या आरामात एक-दोघाले शिवून परत ये. बाब्या खूश, "भिऊ दे लोकायले! फुकटचे पॉइंट भेटून राह्यले!"

संद्या त्याच्यावर भडकला, "मले नाही पायजे फुकटचे. धरा ना बे मले कोनी!"

 

*

फायनल होती मंचेरियलकडच्या तेलगू पोट्ट्यायसंगं. भर दुपार. अखरीची रेड, पॉइंट बरोबरीत. संद्या गेला. समोरचे सरकले. बाब्या नाचालेच लागला, "जिंकलो बे!"

तेवढ्यात त्यायच्यातला एक जाड्या, माह्याहून काळा, "पट्टुको!" म्हंजे "धर!" म्हनून वरडला अन् सरळ संद्याच्या पायालेच मिठी मारली! मंग बाकीचे बी धडाधड अंगावर पडले. धूळच धूळ. आत संद्या कुठं हाय, दिसेच ना.

शिट्टी वाजली. हारलो. बाब्या डोकं धरून खालीच बसला.

संद्या उठला. कोपर सोललेलं, बाही फाटलेली, तोंडात माती. त्यानं त्या जाड्याच्या गळ्यात हात टाकला अन् आमाले वरडून म्हनला,

"पाह्यलं का बे? चांगलं दाबून धरलं मले!"