पेशकारचं पथ्य

माझे मामा एकनाथराव यांनी उभ्या आयुष्यात कुणाची लाच घेतली नाही आणि कुणाला दिली नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांनीच ते मला सांगितलं आहे. सणावाराला सांगितलं आहे, लग्नाच्या पंगतीत सांगितलं आहे आणि एकदा मी दाढदुखीनं कण्हत असतानाही सांगितलं आहे. हैदराबाद शहरातल्या दिवाणी कोर्टात ते सुपरिंटेंडेंट होते. पक्षकारानं देऊ केलेला चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. पुढे पुढे पक्षकारांनी चहा विचारणंच सोडलं. ते मामांच्या धाकामुळे, असं मामा म्हणतात.

या करारी माणसाच्या विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारा बोका राहतो. मांजर पाळायचं नाही असा मामांचा स्पष्ट निकाल होता. निर्मलामामीनं तो निकाल ऐकून घेतला आणि संध्याकाळी जिन्याखाली सापडलेलं पिल्लू घरात आणलं. पिल्लू थेट मामांच्या कागदांवर जाऊन बसलं. कोर्टात साहेबापुढे कागद ठेवणारा असतो तो पेशकार, म्हणून मामांनी त्याचं नाव पेशकार ठेवलं. नाव ठेवलं म्हणजे पाळलं असं नव्हे, हेही त्यांनी लगेच स्पष्ट केलं. याला आता पंधरा वर्षं झाली. मामी जाऊनही चार वर्षं होतील. मूलबाळ नाही, त्यामुळे घरात आता मामा आणि त्यांनी न पाळलेला बोका असे दोघंच आहेत. मी भाची, अंबरपेठेत राहते. दर रविवारी जेवायला जाते आणि मामांची बोलणी खाऊन येते.

गेल्या वर्षी पेशकारला प्रचंड भूक लागायला लागली. सकाळचं संपवून तो पुन्हा ओट्याशी उभा. ओरडायचा असा की वरच्या मजल्यावरच्या तारामतीबाईंना वाटायचं, खाली कुणाला तरी मारताहेत. घरभर पळायचा, पडद्यावर चढायचा. मामा खूश. "बघ शोभा, या वयात ही भूक! नाही तर तू, अर्ध्या पोळीत गार." बोका खायचा दुप्पट आणि दिसायचा निम्मा. पाठीचे मणके मोजता यायला लागले तेव्हा मी म्हटलं, मामा, याला डॉक्टरकडे नेऊ या. मामा म्हणाले, "पळतो म्हणून वाळलाय. व्यायामाचं अंग आहे ते." आयुष्यात एकदाही व्यायाम न केलेल्या माणसाशी मी व्यायामावर वाद घातला नाही. बोक्याला वेताच्या टोपलीत घातलं, वर टॉवेल बांधला आणि रिक्षा बोलावली. मामा "मी येणार नाही" म्हणत चपला घालून रिक्षात माझ्या आधी बसले.

अंबरपेठेतल्या प्राण्यांच्या डॉक्टर स्नेहा तेलुगू आहेत. आमच्याशी त्या हैदराबादी हिंदीत बोलतात, आणि मामांना तर त्या अजिबात घाबरत नाहीत. त्यांनी पेशकारचा गळा चाचपला, छातीला नळी लावली, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला: थायरॉइड. मामांचा चेहरा एकदम उजळला. हा आजार त्यांच्या ओळखीचा होता.

"निर्मलाला होता की थायरॉइड! तिच्या गोळ्या अजून कपाटात आहेत. अर्धी अर्धी देऊ?"

"अय्यो, नक्को अंकल!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आंटी का कम था, इसका ज्यादा है. वो गोली दिये तो ये चार दिन में खलास."

मग त्यांनी नीट समजावलं. मामीच्या गळ्यातली ग्रंथी काम करत नव्हती म्हणून ती थकायची, जाड व्हायची. पेशकारची ग्रंथी वेड्यासारखी काम करत होती. खाल्लेलं सगळं जाळून टाकत होती आणि हृदयाला धावायला लावत होती. ती भूक म्हणजे तब्येत नव्हे, ती भूकच आजार होता.  इतके महिने ज्याचं कौतुक केलं तो रोग निघाला, हे त्यांना पचायला जड गेलं. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "निर्मलाच्या लक्षात आलं असतं." हे खरंच होतं.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ एक. मामांनी पहिली गोळी पेढ्यात लपवली. पेशकारनं पेढा खाल्ला आणि गोळी स्वच्छ चाटून मामांच्या पायाशी ठेवली. मग मी त्याला टॉवेलात गुंडाळून धरायचं आणि मामांनी त्याचं तोंड उघडायचं, असं ठरलं. अख्ख्या कोर्टाला गप्प बसवणारा माणूस चार किलोच्या बोक्यापुढे "अरे उघड रे राजा" म्हणत उभा राहिलेला मी पाहिला आहे, आणि त्या दृश्यासाठी मी दोन्ही हातांवरचे ओरखडे आनंदानं सोसले. पण गोळी त्याला मानवली नाही. त्यानं खाजवून खाजवून तोंडाची कातडी काढली, डोळ्याच्या वर रक्त आलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली. ऑपरेशन या हृदयाला झेपणार नाही, असंही सांगितलं.

"अब एकीच रास्ता है," त्या म्हणाल्या आणि एक पिशवी पुढे ठेवली. आत मांजराचं खास खाणं होतं, तपकिरी कोरडे दाणे. त्यात आयोडीन अगदी मोजकं असतं. ग्रंथीला मालच मिळाला नाही तर ती गप्प बसते, असं त्याचं तत्त्व. "पर अंकल, सिर्फ ये. दूध नै, मछली नै, नमक का कुच बी नै. दूसरा एक निवाला गया तो सब बेकार. और ये बी नै चला तो, इसका दिल ज्यादा दिन नै झेलता."

मामांनी पथ्य हातात घेतलं. त्यांना नियम मिळाला की दुसरं सुख लागत नाही. दूध बंद. साय बंद. कामवालीला तंबी. मी पिशवीतून काही आणलंय का, याची दारातच झडती. पेशकार दाण्यांकडे बघायचा, मग मामांकडे बघायचा, आणि मग केवळ मामांना वाईट वाटू नये म्हणून खायचा. मीही विश्वासानं वाट बघत होते. महिन्यानं रक्त तपासलं. आकडा होता तिथेच. छातीतली धडधड तर आता टॉवेलावरून हाताला लागत होती.

"कोई तो खिला रहा," डॉक्टर म्हणाल्या.

झालं. मामांनी चौकशी आयोग नेमला. आयोगात सदस्य एकच होते. संशयित पहिल्या दिवशीच सापडला: तारामतीबाई. त्यांच्याकडे मासे होतात, त्यांची खिडकी जिन्यात उघडते आणि त्या पेशकारला "माझं सोनं" म्हणतात. एवढा पुरावा मामांना पुरला. जिन्यात बोर्ड लागला: "मांजरास काहीही खाऊ घालू नये. हुकुमावरून." मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी. त्या इमारतीत मराठी वाचू शकणारी माणसं तीनच, त्यातले एक खुद्द मामा. तारामतीबाई बिदरकडच्या, बापाची शेती सोडून नवऱ्याच्या भुसारी दुकानावर बसलेल्या, तोंडानं खणखणीत. त्या खाली आल्या.

"काय हो काका, बोर्ड माझ्यासाठी लावलाव का?"

"बोर्ड सर्वांसाठी आहे."

"हौ, पण माझ्याच खिडकीसमोर लावलाव ना! मी कायकू चारू त्याला? डॉक्टरनं नक्को म्हटल्यापासून एक काटा टाकला नाही मी. माझ्या लेकराची शप्पथ."

"शपथेवर साक्ष घेण्याचा मला अधिकार नाही," मामा म्हणाले आणि दार लावलं. त्या दिवसापासून वरून येणारी दह्याची वाटी बंद झाली. मामांना त्याचंही काही वाटलं नाही, कारण ती वाटी त्यांच्या दृष्टीनं आता लाच होती.

पुढच्या रविवारी मी जेवायला गेले. मामांना वरण-भात तेवढा करता येतो आणि तो ते रोज करतात. पूर्वी ते पाटावर बसायचे. गुडघे गेल्यापासून टेबलावर बसतात. त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची मामीची. त्यावर पेशकार बसला होता. मामांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि ताटाच्या उजवीकडे, टेबलावर, वरण-भाताचे घास मांडायला लागले.

"चित्राय नमः. चित्रगुप्ताय नमः. यमाय नमः. यमधर्माय नमः. सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः."

चित्राहुती. आमच्या घरातले पुरुष जेवणाआधी घालतात. मी लहानपणापासून बघत आले, म्हणून आजवर दिसल्याच नव्हत्या. शास्त्राला शितं पुरतात. मामांचे घास लिंबाएवढे होते, वर तूप. मामांनी डोळे मिटून हात जोडले. पेशकारनं मामीच्या खुर्चीवरून मान पुढे केली आणि चित्र, चित्रगुप्त, यम, यमधर्म आणि सर्व भूतं ओळीनं खाऊन टाकली.

"मामा!" मी ओरडले. "हे काय चाललंय?"

"काय?"

"तुम्ही त्याला वरण-भात घालताय!"

"मी?" मामांना खरोखर आश्चर्य वाटलं. "मी त्याला काही घालत नाही. त्या आहुती आहेत. नाव घेऊन अर्पण केल्या की माझा हक्क संपला. पुढे कोण उचलतो, ते माझ्या अखत्यारीत येत नाही."

"वरणात मीठ असतं, मामा! दोन्ही वेळा, रोज!"

 मामांनी टेबलाकडे पाहिलं. ते इतकं स्वच्छ चाटलेलं होतं की पुसायची गरज नव्हती. मग ते मामीच्या खुर्चीकडे बघत राहिले. मला आधी संताप आला होता. त्या चेहऱ्याकडे बघून तो टिकला नाही.

"निर्मला पाटाजवळ बसवायची त्याला," ते म्हणाले. "म्हणायची, देव काही येत नाहीत, याला तरी मिळू दे. मी रागवायचो. ती गेल्यावर... एकट्यानं घास उतरत नाही गं. हा बसतो म्हणून जेवतो मी."

ताट तसंच राहिलं. इतक्या वर्षांत मामांनी अन्न टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना पेशकारला आतल्या खोलीत कोंडलं. तो दार ओरबाडत राहिला आणि मामा उपाशी उठले. मग आहुती सोडून बघितल्या. वडील घालत होते, आजोबा घालत होते. हात आपोआप ताटाच्या उजवीकडे जायचा आणि परत यायचा. हे मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज दिवाणी कोर्टातला नव्हता. तारामतीबाईंकडे मात्र ते स्वतः गेले. बोर्ड काढून हातात घेऊन गेले आणि म्हणाले, "आपल्याविरुद्धचा आरोप सिद्ध झाला नाही." मामांच्या कोशात माफीला याहून जवळचा शब्द नाही. तारामतीबाईंनी तो शब्द ऐकला, पोटभर सुनावलं आणि दह्याची वाटी दिली.

पुढची तपासणी पावसाळा संपताना झाली. वरण-भात तुटल्यानं आकडा उतरला होता. छाती शांत होती, अंगावर जरा मांस आलं होतं. मामा डॉक्टरांकडे बघून जवळजवळ हसले. पण डॉक्टर हसल्या नाहीत. थायरॉइडच्या धावपळीनं झाकून ठेवलेलं आता उघड झालं होतं: पेशकारची मूत्रपिंडं थकली होती.

"बुढ़ा है, अंकल. ठीक नै होता. पर खाना संभाले तो चलता."

"किती?" मामांनी विचारलं.

डॉक्टरांनी वर हात दाखवला. मामांनी विरोध नोंदवला नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेले. वरण-भात झाला होता. पेशकार मामीच्या खुर्चीवर होता. मामांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि बाजूची डबी उघडली. तिच्यात तपकिरी दाणे होते.

"चित्राय नमः," मामा म्हणाले आणि ताटाच्या उजवीकडे थोडे दाणे ठेवले. "चित्रगुप्ताय नमः." पुन्हा थोडे.

"मामा, देवांना मांजराचं खाणं?"

"ज्याच्या पोटात जायचं त्याचं पथ्य बघून वाढतात," मामा म्हणाले. "तुझी मामी असंच वाढायची. मध्ये बोलू नकोस."

 मामांनी पुन्हा डबीत हात घातला. "यमाय नमः." दाणे ठेवले. हात मागे आला, थांबला. मामांनी चोरून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या भांड्यात बघायला लागले. मग त्यांनी डबीतून आणखी एक मूठ काढली आणि हळूच यमाच्या वाट्याला सरकवली.