उजव्या बुटावरची लाल टेप

उल्हास मेश्राम आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा नागपूरचा, इथे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला चिप टेस्टिंगमध्ये नोकरीला. हुशार, प्रेमळ आणि एक नंबरचा हट्टी. कुणाचा नळ गळू दे, मिक्सर बंद पडू दे, "ताई, बघतो ना मी" म्हणत पाना घेऊन दारात हजर. अशा माणसावर रागवायचं तरी किती? पण त्या मोटरसायकलवरून मी त्याच्याशी मनसोक्त भांडले.

त्र्याण्णव साली त्याने ती सेकंडहँड घेतली. गाडी जपानी, पण रूपडं सगळं जुन्या काळचं. गोल हेडलाइट, काळी टाकी, तारांची चाकं, पाचशे सीसीचं एकच सिलिंडर आणि तो धाडधाड आवाज.

"डोळे मिटून ऐका ताई, बाबांची बुलेटच ना?" तो म्हणायचा. "पण दम बघा हिचा! शंभरच्या वर जाते. मैल बरं का, किलोमीटर नाही."

बाबांच्या बुलेटवरच तो गाडी शिकला होता. त्याच बुलेटवरून प्रणिताला कॉलेजात सोडायचा. आता ती त्याची बायको होती आणि व्हिसासाठी नागपुरात अडकली होती. ती आली की तिला मागे बसवून डोंगर ओलांडून समुद्रावर न्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"सगळं सेम टु सेम. फक्त पाय उलटे," एकदा तो सहज बोलून गेला. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. हिला नेमकं उलटं. "हे पाय एक दिवस घात करतील बघ," मी त्याला बजावलं.

झालंही तसंच. आमच्या पार्किंगमध्ये एक पोरगी सायकलवरून अचानक आडवी आली, आणि उल्हासचा डावा पाय खाडकन खाली गेला. ब्रेक कुठला लागतोय! गिअर खाली पडला, इंजिन किंचाळलं, गाडी हिसका खाऊन वाकडी झाली. पोरगी थोडक्यात वाचली.

"पाय नागपूरला गेला, ताई," तो हसायला बघत होता, पण चेहरा पांढराफटक.

"मेल्या, कार चालवताना बरा नाही जात?"

"कार बुलेटसारखी वाटत नाही ना. ही वाटते. घाबरलं की पाय विसरतो."

"मग वीक ती! आत्ताच्या आत्ता वीक!"

विकतोय कसला! उजव्या बुटाच्या टोकाला त्याने लाल टेप चिकटवली. निघताना खाली बघायचा, "हा ब्रेक, हा ब्रेक" असं पुटपुटायचा आणि मगच किक मारायचा. पुढे पाय कधी चुकला नाही. तरी त्या धाडधाडीने माझा जीव खालीवर व्हायचाच.

प्रणिता आली. गोड पोरगी. आल्या आल्या बॅग उघडून तिने मला दाखवलं, "ताई, यांच्यासाठी सीताबर्डीवरून बूट आणलेत. जुने किती फाटलेत बघा ना."

शनिवारी सकाळी मी पोह्यांचा डबा घेऊन वर गेले. दाराला कुलूप. आपल्या सगळ्यांच्या दाराबाहेर असतात तशी चपलाबुटांची रांग होती, आणि त्या रांगेत लाल टेपचा बूट. मी गॅलरीकडे धावले, हाका मारल्या. रस्त्यावर फक्त आवाज उरला होता, तोही लांब गेला.

डोंगर उतरताना वळणावर हरीण आडवं आलं. पोलिसांना गाडी सापडली तेव्हा ती दुसऱ्या गिअरमध्ये होती, आणि मागचं चाक घसरल्याचा काळा पट्टा थेट कठड्यापर्यंत गेलेला. प्रणिता जागीच गेली.

हॉस्पिटलमध्ये उल्हासचा उजवा पाय प्लॅस्टरमध्ये होता. मला बघून त्याने हात घट्ट धरला. किती रागावणार होते मी, पण नुसती रडत राहिले.

"ताई, मी ब्रेक दाबला होता हो. सगळा जोर लावून दाबला होता."

पांढऱ्या चादरीखाली त्याचा डावा पाय अजून दाबतच होता.