लाल चिंधीची कात्री

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं कुणाला कुत्र्याचं कौतुक वाटायचं. मी सांगतेय ते माझ्या धाकट्या जावेबद्दल. ती तळमजल्यावर राहते आणि लोकांचे कपडे शिवते. मी वरच्या मजल्यावर. तिच्या मशीनचा आवाज माझ्या फरशीतून वर येतो. तो चालू असला की मला ऐकूही येत नाही, थांबला की मात्र लगेच लक्षात येतं.

धाकटे दीर लवकर गेले. त्यांच्या मागं तिनं त्या मशीनवरच मुलाला वाढवलं. त्याला सगळे छोटू म्हणायचे. पुढं तो इतका वाढला की दारातून आत येताना मान वाकवावी लागायची, पण नाव काही वाढलं नाही. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन घरी यायचा आणि तसाच जेवायला बसायचा. हात धू म्हणून त्याला ओरडावं लागे. कुत्र्याला जवळ घ्यायच्या आधी मात्र कुणी न सांगता साबण लावून कोपरापर्यंत धुवायचा.

कुत्रंही त्यानंच आणलेलं. कुणाला तरी नकोसं झालं होतं म्हणे. पांढरं, जमिनीला टेकतील असे केस, त्यात डोळे शोधावे लागायचे. नाव ठेवलं गोंड्या. मी पहिल्या दिवशीच म्हटलं, "अरे, पुढची बाजू कुठली त्यावर एक खूण करून ठेव. मी चुकून शेपटीला बिस्किट द्यायचे." जाऊ आधी नाक मुरडत होती, पण महिन्याभरात तीही पुरती पाघळली. गोंड्या भुंकला की म्हणायची, "बोलतोय तो." समोरच्यांचं कुत्रं भुंकलं की म्हणायची, "काय कटकट आहे." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

सुट्टीच्या सकाळी छोटू त्याला मागच्या पडवीत स्टुलावर उभा करायचा. पाय घसरू नयेत म्हणून खाली रबराची चटई. मग केसांचा एकेक पदर बाजूला करून, मुळाशी दोन बोटांत धरून, टोकाकडून विंचरत वर यायचा. मुळाशी धरलं की कातडीला ओढ बसत नाही. कानांच्या मागं, काखेत, पोटाखाली, जिथं जिथं केस केसाला घासतात तिथं जास्त वेळ. गोंड्या डोळे मिटून उभा. मी जिन्यात उभी राहून म्हणायचे, "माझ्या डोक्यासाठी जन्मात कुणी इतका वेळ बसलं नाही."

"काकू, तुमचा नंबर याच्यानंतर," तो म्हणायचा. आणि वर शिकवायचा, "आधी विंचरायचं, मग भिजवायचं. गुंता तसाच भिजला ना, की वाळताना आवळतो. मग तो सुटत नाही, कापावाच लागतो."

हे ज्ञान मला, जिला कुत्र्याशी घेणंदेणं नाही. त्याची आई आत मशीनवर असायची. त्या खडखडाटात तिला काही ऐकू जायचं नाही.

मग तो गेला. कामावरून येताना मोटरसायकल घसरली. घरापासून फार लांबही नव्हता. याबद्दल मला जास्त बोलता येत नाही.

जाऊ रडायची तेवढी रडली आणि परत मशीनवर बसली. पण छोटूबद्दल बोलताना 'होता' हा शब्द तिनं कधी काढला नाही. शर्ट शिवताना म्हणायची, "छोटूला कॉलर कडक लागते." गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची. मी म्हणत होते, बोलू दे. तोंडातून निघालेल्या 'आहे'नं कुणाचं काय बिघडतंय?

बिघडत होतं ते गोंड्याचं. त्याला विंचरायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तो दारात बसलेला असायचा. गल्लीत मोटरसायकल वाजली की कान मुळापासून उचलायचा, उठून उभा राहायचा आणि पुन्हा बसायचा. अंगाला वास येऊ लागला तेव्हा एका दुपारी जावेनं त्याला उचलला, पाणी कोमट केलं, छोटूचा शाम्पू घेतला आणि त्याला खसाखसा चोळून आंघोळ घातली. टॉवेलनं पुसला, उन्हात बसवला. किती दिवसांनी तिला कुणाला तरी न्हाऊ घालायला मिळालं होतं. मला वरून गाणं गुणगुणल्यासारखं ऐकू आलं, आणि मला बरं वाटलं. आधी विंचर, हे मला ठाऊक होतं, पण तिनं विंचरलं नसेल हे डोक्यातच आलं नाही.

वाळल्यावर त्याच्या जटा झाल्या. कानामागं, काखेत, मांड्यांमध्ये घोंगडीसारखे घट्ट गोळे. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात आटतो हे ती गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आली होती. कापडातली एवढी जाणकार बाई, पण हीसुद्धा लोकरच, हे तिला सुचलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक जट उचलून दाखवली. खाली कातडी लाल आणि ओलसर. त्या म्हणाल्या, "सगळे केस काढावे लागतील. इथं करू, नाहीतर घरी तुम्ही करा. पण लांबवू नका, जखमा होतील."

"मी सोडवीन हळूहळू," जाऊ म्हणाली.

रोज संध्याकाळी ती फणी घेऊन बसायची. गोंड्या केविलवाणा ओरडायचा. एकदा त्यानं तिच्या अंगठ्याला दात लावले. ज्यानं कधी माशीलाही दात दाखवला नव्हता, तो. मी खाली गेले तर ही अंगठा तोंडात धरून म्हणते, "चावणारच ना. मी ओढते म्हणून चावतो."

मला राग आला. "तुला कळतंय ना त्याला दुखतंय? हातभर कात्री आहे घरात. काप आणि मोकळा कर. केसच आहेत, उद्या पुन्हा येतील."

"येतील ताई," ती म्हणाली. "पण ते दुसरे येतील. हे छोटूनं विंचरलेत. टोकापासून मुळापर्यंत त्याचा हात फिरलाय यांच्यावरून. कापले की घरात त्याच्या हातचं काय उरलं, तुम्हीच सांगा."

मी वर आले आणि उगाच भांडी घासत बसले.

शेवटी कापायला लावलं ते एका मोटरसायकलनं. छोटूची नव्हे, कुणाचीतरी. मी काज करून घ्यायला ब्लाउज घेऊन तिच्याकडे बसले होते. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, अगदी छोटूच्या गाडीसारखा, मधेच अडखळणारा. जावेचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. गोंड्यानं कान उचलायला घेतला. पण कानामागची जट मानेच्या जटेत गुंतली होती. कान उचलेना. त्यानं जोर केला, आणि कळवळून ओरडला. गाडी पुढं निघून गेली. त्यानं पुन्हा एकदा कान उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा ओरडला आणि मान जमिनीला लावून पडून राहिला.

जाऊ त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि भिंतीवरची कात्री काढली.

त्या कात्रीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवणाऱ्या माणसाची कापडाची कात्री कापडाखेरीज कशालाही लावत नाहीत, धार जाते. छोटू शाळेत असताना त्यानं या कात्रीनं पुठ्ठा कापला होता. तेव्हा जावेनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता आणि कात्रीच्या मुठीला लाल चिंधी बांधली होती, हिला हात लावायचा नाही म्हणून. मी एकदा दोरा कापायला उचलली तर माझ्याकडेही डोळे वटारून बघितलं होतं.

"अगं, दुसरी आण," मी म्हटलं.

"हिच्याइतकी धार दुसरीला नाही. त्याला ओढ बसायला नको. ताई, तुम्ही धरा त्याला."

म्हणजे मी. कुत्र्याला. पडवीत स्टूल, रबराची चटई, आणि मी त्याचं डोकं काखेत घेऊन उभी. जावेनं कातडी आणि जट यांच्यामध्ये फणी सरकवली आणि फणीच्या वरून कात्री चालवली, म्हणजे कातडी कापली जात नाही. ही युक्ती तिला कुणी सांगितली नव्हती, वर्षानुवर्षं शिवण उसवून हातात आली होती. जटा एकेक करून खाली पडू लागल्या. त्यांच्याकडे ती बघत नव्हती. तिचे डोळे वाहत होते, हात मात्र चुकत नव्हता. गोंड्या एकदाही ओरडला नाही.

सगळं झालं तेव्हा स्टुलावर एक बारकंसं, गुलाबी कातडीचं, थरथरणारं जनावर उभं होतं. एवढासाच जीव होता तो. मी त्याला माझ्या पदरात गुंडाळलं, आणि हे कुणाला सांगायचं नाही.

मला वाटलं, जाऊ ते केस जपून ठेवील. तिनं ते गोळा करून सुपलीत भरले, थोडा वेळ सुपली मांडीवर घेऊन बसली, आणि स्वतःच जाऊन टाकून आली. कात्री पुन्हा भिंतीवर टांगली. चिंधी मात्र सोडून घेतली.

आम्ही दोघी चहा पीत होतो तेव्हा गल्लीतून पुन्हा एक मोटरसायकल गेली. गोंड्याचे दोन्ही कान लगेच वर झाले. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून आमच्याकडे बघायला लागला.

जावेनं कप खाली ठेवला.

"तो नाही रे," ती म्हणाली. "ये इकडं. आपला छोटू गेला."

गोंड्याला त्यातलं छोटू एवढंच कळलं असावं. तो दाराकडे तोंड करून शेपूट हलवायला लागला.