ढोलकीवरचं कापड

मंडई चार दिवसांवर असताना भाऊ गेला. सकाळी अंगणात बसून त्याने चहा घेतला, पेटी पुसली आणि दुपारी गेला.

नवेगाव बांधच्या आमच्या आळीत तो मुलांना दंडार शिकवायचा. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत गाणी, नाच आणि सोंगं घेऊन जो खेळ होतो, ती दंडार. त्याच्या वर्गाला गोंदियाच्या एका धानगिरणीवाल्या शेठच्या धर्मादायातून दरसाल मदत यायची. पेटी त्यातूनच आली. भावाला थोडं मानधन मिळायचं, आणि ढोलक्या मढवण्याचं काम आळीतल्याच कारागिराला मिळायचं. त्याचं दुकान त्या कामावर उभं होतं. दुपारी आमच्या पडवीत मुलं बसत. मी शाळेतून येऊन आत वाचत असे आणि भावाचा आवाज ऐकत असे.

"सूर बांधात पडला बे तुया. जाय, काढून आन," तो एखाद्याला म्हणायचा. मुलं हसायची. तो पोरगाही हसायचा आणि पुन्हा गायचा.

धर्मादायाचा माणूस दरसाल मंडईला येऊन मुलांचा खेळ पाहायचा आणि मदत पुढे चालू ठेवायची की नाही, ते ठरवायचा. त्या साली माणूस नवा होता.

आमच्याकडे दंडारीचा संच एकच घर मानतात. भाऊ संचाचा शाहीर होता, आणि शाहीर गेला की सुतक साऱ्या संचाला. कारागिराने ढोलक्यांवर पांढरं कापड बांधलं. दहाव्यानंतर जो ते सोडेल, तो पुढचा शाहीर, अशी रीत. मंडईच्या दिवशी संचाची माणसं आणि मुलं बांधलेल्या ढोलक्यांपुढे ओळीने बसली होती. मी घरात होते. हे सारं मला मागाहून कळलं.

पाहुण्याला खाटेवर बसवलं, चहा दिला, पान दिलं. कार्यक्रम आहे का, असं त्याने हिंदीत विचारलं. आज नाही, असं संचातल्या म्हाताऱ्याने सांगितलं. पाहुणा थोडा वेळ थांबला. मंडईत दुसऱ्या गावांचे संच वाजवत होते, आणि आमची माणसं गप्प बसलेली. मग तो मोटार पकडायला उठला. कोणी त्याला अडवलं नाही.

मदत बंद झाल्याचं कळल्यावर मी कारागिराच्या दुकानी गेले. तुम्ही त्याला काऊन नाही सांगितलं, असं विचारलं. तो चामडं भिजवत होता. हात न थांबवता म्हणाला, "सांगाचं काय होतं बाई? ढोलकीवर कापड दिसूनच राहिलं होतं."

त्याच्या मनात खरंच आलं नव्हतं की जगात असा माणूस असेल, ज्याला ते कापड दिसूनही कळणार नाही. माझ्याही मनात आलं नसतं.

तो आणि म्हातारा गोंदियाला जाऊन आले. तिथल्या मुनीमजींनी हळहळ व्यक्त केली. पैसा दुसऱ्या गावच्या शाळेला दिला गेला होता. "पहले बोलना था, भाई," ते म्हणाले.

दहावा झाला. कापड सोडायला कोणी पुढे आलं नाही. वर्ग घ्यायचा तर दुपारची मजुरी बुडणार, आणि ती भरून देणारं आता कोणी नव्हतं. उन्हाळ्यात कारागिराने दुकान बंद केलं आणि त्याच गोंदियात धानगिरणीवर हमालीला लागला. जाताना एक ढोलकी माझ्या पडवीत ठेवून गेला. "शाहिराची आहे," एवढंच म्हणाला.

भावाच्या हाताखालची मुलं आता बाप्ये झाली आहेत. रस्त्यात भेटली की नमस्कार करतात. गाणं कोणी काढत नाही.

पेटी माझ्याकडे आहे. तिच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं आहे. ढोलकीही आहे. तिच्यावरचं कापड बांधलेलंच आहे.