नांदेडचा वक्ता लातुरात, विषय कॅनडा

लातूरच्या व्याख्यानमालेला मी फोनवरच होकार दिला आणि मग घाबरलो. विषय आवडीचा होता: कॅनडातले पक्ष प्रांत बदलला की प्रचार कसा बदलतात. पण महिनाभर आधीच मी नांदेडच्या सभेत गरजलो होतो, "विभागीय आयुक्तालय नांदेडलाच झालं पाहिजे!" मराठवाड्याला मिळणारं हे दुसरं आयुक्तालय लातूरकरांना लातुरात हवंय.

सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीन-साडेतीन तास. डावीकडची खिडकी घेऊ नका, ऊन लागतं. लोह्यात भजी गरम मिळाली. शेजारच्या काकांनी विचारलं, "कुठं निघालात?"

"लातूरला. कॅनडावर भाषण आहे."

"आन् आयुक्तालयावर न्हाई?" ते हसले.

लातुरात संयोजक अप्पा भेटले. कापडाचं दुकान, कपाळावर भस्म. त्यांच्या घरी निलंगा राईस वाढला होता. जरूर खा.

"सर, तुमची नांदेडची क्लिप बघितली. लई तापला होता."

"तरी बोलावलंत?"

"बाकीचे नको म्हणत होते. मी म्हणलं, माणूस तोंडावर बोलणारा हाय. येऊ द्या."

सभागृह भरलं होतं. मी सांगितलं, तिकडं एखादा पक्ष अल्बर्टात तेलवाहिनीसाठी छाती ठोकतो आणि ती नको असलेल्या क्यूबेकात तीच गोष्ट फ्रेंचमधून हळूच उरकतो. "एका प्रांताला दिलेला शब्द दुसऱ्या प्रांतापासून लपवतो, तो नेता कुणाचाच नसतो!" टाळ्या पडल्या.

या व्याख्यानमालेत शेवटी निनावी चिठ्ठ्या येतात. अध्यक्ष वाचतात आणि वक्त्याला एकही टाळता येत नाही. पहिलीच चिठ्ठी: आयुक्तालय कुठं?

पाणी प्यालो. अप्पा पहिल्या रांगेत होते. मी म्हणालो, "जिथं मराठवाड्याचं हित, तिथं!"

दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या वाक्याला मिळाल्या. अप्पांनी टाळी वाजवली नाही.

स्टँडवर सोडताना म्हणाले, "सर, इलेक्शनला उभं राहा. हमखास निवडून येता."

घरी येऊन चार दिवस झाले. रस्ता चांगला, जेवण उत्तम, माणसं दिलदार; पण मनात राहिलंय ते माझं ते गुळमुळीत वाक्य. म्हणून इथं लिहितो: आयुक्तालय नांदेडला हवं. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला असलेल्या इस्लापूरच्या माणसानं कागदासाठी लातूर गाठायचं, हे मला पटत नाही. लातुरात हे बोलायची माझी छाती झाली नाही.

हा मजकूर आधी अप्पांना पाठवला. उत्तर आलं: "हेच हितं येऊन बोला. हॉल मी धरतो. लोक ओरडतील, तरी खाली बसू नका."

तासभर फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं, "येतो."